एकोणसत्तर गुणांच्या मुली

“ताई, हे गुण माझे नाहीत.”

बेरीज हे म्हणाली तेव्हा ताईच्या कडेवर दोन वर्षांची छोटी होती आणि हातात थर्मामीटर. छोटीचा ताप सकाळपासून तीनदा मोजून झाला होता. तिन्ही वेळा पारा जागचा हलला नव्हता, तरी ताई चौथ्यांदा मोजत होती.

“तुझे नाहीत तर कुणाचे?” ताईने वर न बघताच विचारलं.

“माहीत नाही. पण माझे एक्क्याण्णव हवेत. आठ गुणांचं एक उदाहरण मी सोडलं. एकात शेवटी एकक लिहायचं राहिलं, तिथे एक जाईल. बाकी सगळं बरोबर आहे. आणि इथे एकोणसत्तर लिहिलेत.”

“अगं, मोठ्या परीक्षेला होतं असं. घाबरली असशील.”

“मी नाही घाबरले. आदल्या दिवशी पर्यवेक्षिकाबाईंनी एकेकीला बोलावून विचारलं, वरच्या तुकडीचे तास संध्याकाळी असतात, घरून सोडतील का. मी म्हटलं, बाबांना विचारावं लागेल. तेव्हासुद्धा मी हसत होते.”

“बरं. पुढच्या वेळी जास्त अभ्यास कर,” ताई म्हणाली, आणि पाऱ्याकडे बघत बसली.

बेरीज खालच्या मजल्यावर राहायची. जिना चढता-उतरता दिसेल त्या आकड्याची बेरीज करत सुटायची, म्हणून सगळ्या इमारतीने तिचं खरं नाव कधीच मोडीत काढलं होतं. दुपारी ती छोटीला सांभाळायची. निकालानंतर सुट्टी लागली, शाळा पुन्हा उघडली, आणि बेरीज यायची बंद झाली. ताईने मनाशी म्हटलं, दहावी आहे, अभ्यासाला लागली असेल.

तीन आठवड्यांनी एका सकाळी जिन्याच्या कठड्याला एक दप्तर लटकलेलं दिसलं. त्यावर कागद टाचलेला होता. ‘कुणाला हवं असेल तर न्यावं.’ ताईने चेन उघडली. आत कंपासपेटी होती, वह्या होत्या, आणि सुट्टीतच पूर्ण सोडवलेलं दहावीचं गणिताचं पुस्तक होतं.

तिने खालच्या मजल्यावरची बेल वाजवली. बेरीजचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. ते हाताचं ग्रीस पुसत दारात आले.

“दादा, बेरीज कुठाय?”

“कामाला लावली. मेहुण्याच्या ओळखीने. औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायच्या. राहायची सोय आहे तिथेच.”

“पास झालेली मुलगी, आणि—”

“वहिनी, आमचं बाप-लेकीचं ठरलं होतं. गणितात सत्तर पडले आणि वरच्या तुकडीत गेली, तर हवं तेवढं शिक. मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरत राहीन. नाही पडले, तर काम. तिनेच हातावर टाळी दिली होती. हसत.” त्यांनी बोटांचं ग्रीस पुन्हा पुसलं. “एका गुणाने गेलं. मी तिला बोललो नाही हो काही. पण ठरलं ते ठरलं.”

“आणि सत्तरच्या वर निघाले तर?”

“तर जाऊन घेऊन येतो तिला. पण आता कुठून निघणार? निकाल काय मी लावलाय?”

शाळेचा नियम ताईला ठाऊक होता. सलग तीस दिवस गैरहजर राहिलं की पटावरून नाव कमी. जिना चढेपर्यंत तिने हिशेब केला. आठ दिवस उरले होते.

ताई याच शाळेची जुनी विद्यार्थिनी, आणि सध्या तिथेच कामाला होती. नेमणूक तीन महिन्यांची, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिला ‘तात्पुरत्या बाई’ म्हणत, आणि म्हणताना कुणाला काही वाटत नसे. शाळेची स्मरणिका निघणार होती. तिच्यात मुख्याध्यापकांना एक तक्ता हवा होता: मुलगे आणि मुली, बारा वर्षांची विषयवार वाटचाल. जुन्या नोंदवह्यांतले गुण संगणकावर चढवायचं काम ताईचं. सामानाच्या खोलीत ती टेबलाशी बसे आणि टेबलाखाली छोटी खडूंच्या रिकाम्या खोक्यांशी बोलत बसे.

आकडे चढवून झाले होते. ताईने ते बघितले मात्र नव्हते. टाइप करणं वेगळं आणि बघणं वेगळं.

त्या दिवशी ती बघायला बसली. मुलग्यांसाठी निळी रेघ, मुलींसाठी लाल.

भाषेत लाल रेघ बाराही वर्षं वर. इतिहासातही वर. विज्ञानात दोन्ही रेघा एकमेकींच्या गळ्यात गळा घालून चाललेल्या. गणिताच्या चाचणी परीक्षांतही तसंच. फक्त एका जागी लाल रेघ खाली कोसळत होती: नववीच्या वार्षिक परीक्षेत, गणितात. याच गुणांवर दहावीची वरची तुकडी ठरायची. सत्तर आणि पुढे.

मोठ्या परीक्षेला मुली घाबरतात म्हणावं, तर विज्ञानाचा पेपर कुठे लहान परीक्षेचा होता? एकाच आठवड्यात, त्याच बाकावर, त्याच मुली सोमवारी घाबरत नव्हत्या आणि मंगळवारी घाबरत होत्या.

बारापैकी दोनच वर्षं वेगळी होती. अगदी पहिलं, आणि चार वर्षांपूर्वीचं. त्या दोन वर्षी रेघा जोडीने चालत होत्या.

मग तिने एकेकीचे गुण काढले. मुलग्यांचे गुण तीसपासून अठ्ठ्याण्णवपर्यंत सांडल्यासारखे पसरलेले. मुलींचे पासष्टपर्यंत तसेच. पुढे मात्र सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर या चार आकड्यांत ढीग. सत्तरच्या पलीकडे एखाद-दुसरी.

“छोटे,” ताई टेबलाखाली वाकून म्हणाली, “इथे कुणीतरी बसलंय गं.”

छोटीने खोक्यात डोकावून पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

पहिला संशय घ्यायला कुणाला लांब जावं लागलं नसतं. गणिताच्या सरांना मुलं ‘करवत’ म्हणत. वीस वर्षं नववीचे पेपर तेच तपासत होते, आणि ‘मुलींनी भाषा घ्यावी, गणिताचा गळा दाबू नये’ हा त्यांचा विनोद ताईने स्वतः नववीत ऐकला होता.

“मला करवत म्हणतात ते मला माहीत आहे,” सर चष्म्यावरून बघत म्हणाले. “एकक राहिलं की एक कापतो. मुलगा असो, मुलगी असो, माझं स्वतःचं पोर असो.”

“तपासताना नाव दिसतं का, सर?”

“पेपरवर फक्त क्रमांक असतो. त्यावरही मी पट्टी ठेवतो. सगळं तपासून झाल्यावर क्रमांक बघून गुणांची चिठ्ठी करतो आणि ऑफिसात देतो. तिथे माझं काम संपलं.”

“निकाल लागल्यावर ताडून बघता?”

“कशाला? तपासणं माझं काम. नोंदवणं त्यांचं.”

“वरच्या तुकडीत मुली इतक्या कमी कशा, असं कधी वाटलं नाही?”

सरांनी खडू उचलला आणि परत ठेवला. “वाटलं. मग वाटलं, त्यांनाच नको असेल.”

नोंदवह्या क्लार्ककाकांच्या अक्षरात होत्या. पानं अशी स्वच्छ की आरसा ठेवावा. ताईने भिंग लावून पाहिलं. कुठे खोडलेलं नाही, गिरवलेलं नाही, ब्लेड लावलेलं नाही.

“तीस वर्षांत एक खाडाखोड दाखवा, मिशी काढून देतो,” क्लार्ककाका म्हणाले.

“नको काका, तुम्हाला शोभते. पण इतकं न चुकता लिहिता कसं?”

“ऐकून. पर्यवेक्षकांनी चिठ्ठी वाचायची, मी लिहायचं. क्रमांक, गुण, क्रमांक, गुण. चारशे आकडे एका बैठकीत. वर मान केली की चुकलंच समजा.”

“आणि चिठ्ठ्या कुठे असतात नंतर?”

“नोंद झाली की रद्दीत. उत्तरपत्रिका महिन्याने. ठेवू कुठे, डोक्यावर? आणि पेपर पुन्हा दाखवायची पद्धत नाही आपल्याकडे. बऱ्याच मुली येऊन रडून जातात. मुलीची जात, आकडा मनाला लावून घेते.”

पर्यवेक्षिकाबाईंकडे ताई शेवटी गेली, कारण त्यांच्याकडे जायला तिला आवडायचं. ही नोकरी त्यांनीच दिली होती. छोटीला आणायची परवानगीही त्यांचीच. काठी टेकत त्या स्वतः उठल्या आणि खुर्ची पुढे सरकवली.

“तुम्ही बसा ना, बाई. काठी घेऊन कशाला उठता?”

“सवय झाली आता. पडले तेव्हा ऐन परीक्षेपासून पुढे तीन महिने हॉस्पिटलचं छत बघत होते. चार वर्षं झाली, ही काही सोडत नाही मला.” त्या हसल्या. “तक्ता झाला?”

“गणितापाशी अडलाय. मुली वार्षिकलाच का पडतात?”

“घाबरतात गं. मी घरोघर जाते, मला माहीत आहे. मुलींच्या घरात काय काय असतं ते तुझ्या तक्त्यात कुठे येणार?”

“बेरीज शाळेत येत नाही. कामाला लावलीय तिला.”

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. “कुणी लावली?”

“वडिलांनी. एक गुण कमी पडला म्हणून.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तसं कसं होईल?” मग छोटीकडे बघत, “छोटीला पाणी दे, उन्हाचं आणलंस तिला.”

पाचव्या दिवशी करवत सर स्वतः सामानाच्या खोलीत आले. त्यांच्या काखेत दोरीने बांधलेले गठ्ठे होते.

“एकदा एका पालकाने माझ्यावर आळ घेतला होता,” ते म्हणाले. “तेव्हापासून चिठ्ठी कार्बन लावून करतो. खालची प्रत कपाटात. तुम्ही परवा विचारलंत आणि मला झोप लागेना. मी उघडलेले नाहीत. तुम्हीच उघडा.”

ताईने आधी या वर्षाचा गठ्ठा सोडला. बेरीजचा क्रमांक बावन्न. निळसर, पुसट, पण स्पष्ट: एक्क्याण्णव.

एक गुण इकडे नाही की तिकडे नाही. पोरीने घरी बसून स्वतःला दिलेले गुण आणि शाळेतल्या सगळ्यात कडक माणसाने दिलेले गुण एकच होते.

मग तिने स्वतःच्या वर्षाचा गठ्ठा सोडला. नववीत तिला गणितात त्रेचाळीस होते. त्या त्रेचाळिसांपायी तिने पुढे गणिताकडे पाठ फिरवली होती. कार्बनवरही त्रेचाळीसच होते. तिचं कुणी काही चोरलं नव्हतं. याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, तिला कळेना.

सातव्या दिवशी, मधल्या सुट्टीत, मुख्याध्यापकांच्या खोलीत पाच जण होते. मुख्याध्यापक, करवत सर, क्लार्ककाका, पर्यवेक्षिकाबाई आणि ताई. छोटी ताईच्या मांडीवर झोपली होती, त्यामुळे ताईला हळूच बोलावं लागत होतं.

“दहा वर्षं,” ताई म्हणाली. “बेचाळीस मुली. सरांच्या चिठ्ठीत सत्तर किंवा जास्त, आणि नोंदवहीत सहासष्ट ते एकोणसत्तर. सत्तरच्या खालच्या एकाही मुलीचा गुण हललेला नाही. मुलग्यांचा तर एकही नाही. म्हणजे ही चूक नाही. कुणीतरी निवडून केलंय.”

“सरांनी चिठ्ठी बदलून दिली असेल,” मुख्याध्यापक म्हणाले.

“प्रत कार्बनची आहे, वरची आणि खालची एकाच दाबाने उमटते. शिवाय सर बाराही वर्षं पेपर तपासत होते. मग दोन वर्षं मुली वाचल्या कशा?”

“मग लिहिणारा?” मुख्याध्यापकांनी क्लार्ककाकांकडे पाहिलं. काकांची मिशी हलली.

“काकाही बाराही वर्षं होते. आणि नोंदवहीत खाडाखोड नाही. म्हणजे आकडा लिहिल्यावर बदललेला नाही. लिहिण्याआधीच बदललाय. चिठ्ठी आणि वही यांच्यामध्ये फक्त एक गोष्ट असते. वाचणारा आवाज.”

“काका, चार वर्षांपूर्वी चिठ्ठी कुणी वाचली होती?”

“मुख्याध्यापकांनीच,” काका पुटपुटले. “बाई हॉस्पिटलात होत्या.”

“त्या वर्षी अकरा मुली वरच्या तुकडीत गेल्या.” ताईने पर्यवेक्षिकाबाईंकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. “बाई, परीक्षेआधी तुम्ही हुशार मुलींना एकेकीला बोलावता. घरून संध्याकाळी सोडतील का, विचारता. मी मुलींना विचारून आले, ज्या लगेच हो म्हणतात त्यांचे गुण जसेच्या तसे राहतात. बाकीच्यांचे नाही. बेरीज म्हणाली होती, बाबांना विचारावं लागेल.”

पर्यवेक्षिकाबाईंनी काठी भिंतीला टेकवली. नाकारायचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही.

“पहिल्या वर्षी तिघी वरच्या तुकडीत बसल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “तास संध्याकाळी, पलीकडच्या इमारतीत. तिन्ही घरांनी सांगितलं, मुलगी अंधारात येणार नाही. मी म्हटलं, मग खालच्या तुकडीत बसवा. तर म्हणाले, शाळाच नको, तसंही किती शिकवायचं. महिन्याभरात तिघी बंद. त्यातली एक माझ्या दारात आली होती. म्हणाली, बाई, दोन-चार गुण कमी पडले असते तर मी अजून शाळेत असते. पुढच्या वर्षी चिठ्ठी वाचताना मी तशा एका मुलीपाशी आले आणि तोंडातून एकोणसत्तर गेलं. ती दहावी झाली. पुढची पण झाली. एकेचाळीस मुली दहावी झाल्या, सर. माझ्याकडे यादी आहे. एकही घरी बसली नाही.”

“तासांची वेळ बदलावी, असं नाही सुचलं?” ताईने विचारलं.

“सात वेळा लिहून दिलंय. मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये असेल.”

मुख्याध्यापकांनी ड्रॉवरकडे पाहिलं नाही.

“आणि त्या एकेचाळीस जणी?” करवत सर पहिल्यांदाच बोलले. “त्या आता काय समजतात स्वतःला?”

याचं उत्तर पर्यवेक्षिकाबाईंच्या यादीत नव्हतं. “बेचाळिसावीच्या बापाने मुलीशी असं काही ठरवलं असेल,” त्या म्हणाल्या, “हे मी कुठल्या घरात पाहिलंच नव्हतं.”

मुख्याध्यापकांनी दुरुस्त गुणपत्रक लिहिलं, शिक्का मारला, आणि हा विषय या खोलीबाहेर जाणार नाही असं प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं. पर्यवेक्षिकाबाई प्रकृतीच्या कारणाने रजेवर गेल्या. वरच्या तुकडीचे तास संध्याकाळीच राहिले.

ताई गुणपत्रक घेऊन धावत खालच्या मजल्यावर गेली. वडिलांनी ते दोनदा वाचलं, बूट घातले आणि बस पकडली. आठव्या दिवशी दुपारी ते परत आले. एकटेच.

“दाखवलं तिला?”

“दाखवलं. तिने बघितलं, घडी घातली आणि परत दिलं. म्हणाली, बाबा, ताई शाळेत कामाला आहे म्हणून तुम्ही हे करून आणलंत. मला असली दया नको.” त्यांनी कागद गुडघ्यावर सरळ केला. “मी शपथ घेतली, तरी ऐकेना. तिने मला एक गोष्ट सांगितली, वहिनी. म्हणाली, पहिला आठवडा मी रोज मनातल्या मनात पेपर सोडवायचे, रोज एक्क्याण्णव यायचे. मग ठरवलं, आपलंच चुकत असणार. आता एकोणसत्तरच येतात.”

त्याच संध्याकाळी पटावरून नाव कमी झालं.

ताईने कारखान्यात फोन केले. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, कामावर आहे. दुसऱ्यांदा, दुसऱ्या शेडमध्ये हलवलीय. तिसऱ्यांदा, अशी कुणी मुलगी इथे नाही. वडील पुन्हा जाऊन आले. फाटकावर सांगितलं, भेटीची वेळ रविवारची. रविवारी सांगितलं, मुली बाहेर गेल्यात. ताईने दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

स्मरणिका निघाली. तक्त्याच्या जागी बागेचा फोटो होता. तीन महिने संपले आणि शाळेत आता कुणी तात्पुरत्या बाई नाहीत. छोटीला अधूनमधून कणकण येते. ताई ताप एकदाच मोजते आणि मग तिच्या तोंडाकडे बघत बसते.

म्हणून हे वाचणाऱ्याकडे तिचं एकच मागणं आहे. शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, गोळ्यांची पाकिटं भरणारे कारखाने असतात. कुठे ना कुठे ते तुमच्याही वाटेवर असतील. मुली दुपारी अर्धा तास फाटकाशी येतात. त्यांत पंधरा वर्षांची, उंच, डावखुरी, उजव्या भुवईत बारीक व्रण असलेली एक मुलगी दिसते का, तेवढं बघा. दिसली तर तिच्याशी गणिताचं काही काढू नका. ती जेवते का, झोपते का, कुणी त्रास देत नाही ना, एवढंच विचारा, आणि ताईला कळवा.